तलफ आल्यावर काय करायचं? व्यसनमुक्तीत बौद्ध साधनेचा उपयोग कुठे होतो, कुठे होत नाही

१९५५ सालची गोष्ट. रंगूनमधला एकतीस वर्षांचा एक मारवाडी व्यापारी अर्धशिशीने हैराण झाला होता. दुखणं इतकं जबर, की डॉक्टर त्याला मॉर्फिनचं इंजेक्शन देत. पुढे डॉक्टरांनाच काळजी वाटू लागली, की डोकेदुखी राहील बाजूला आणि माणसाला मॉर्फिनची सवय लागेल. उपचारांसाठी युरोप, अमेरिका, जपान असं सगळं फिरून झालं. गुण आला नाही. शेवटी एका मित्राच्या सांगण्यावरून तो ऊ बा खिन यांच्याकडे गेला. बर्मा सरकारात महालेखापाल राहिलेले हे गृहस्थ ध्यान शिकवत. त्यांनी या व्यापाऱ्याला आधी चक्क नकार दिला. नुसती डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका, मन स्वच्छ करायचं असेल तर या, असं त्यांचं म्हणणं होतं.

तो व्यापारी म्हणजे सत्यनारायण गोएंका. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झालं. आज महाराष्ट्रात घरातल्या कुणाचं पिणं हाताबाहेर गेलं, की नातेवाइकांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "याला दहा दिवस इगतपुरीला पाठवा, सुटेल आपोआप." दुसरीकडे गावोगावच्या बुद्धविहारांत दर आठवड्याला पंचशील म्हटलं जातं, त्यातलं पाचवं शील नशेबद्दलच आहे. म्हणजे बौद्ध साधना आणि व्यसन यांचं नातं इथल्या लोकांना नवं नाही. पण ही साधना नेमकी काय करते, कुणाला उपयोगी पडते आणि कुणासाठी धोक्याची ठरू शकते, हे सहसा कुणी नीट सांगत नाही.

प्रश्न लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 'एम्स'कडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५.७ कोटी लोकांचं पिणं त्रासदायक किंवा व्यसनाच्या पातळीचं आहे.

पाचवं शील: बंदी की सराव?

पंचशीलातल्या प्रत्येक शीलात 'वेरमणी' हा पाली शब्द येतो. वेरमणी म्हणजे दूर राहणं, अलिप्त राहणं. आणि प्रत्येक शीलाला 'शिक्षापद' म्हटलं आहे, म्हणजे शिकण्याची पायरी. वरून कुणी दिलेला हुकूम आणि मोडला तर शिक्षा, अशी ही रचना नाही. माणूस स्वतःहून म्हणतो, की मी या गोष्टीपासून दूर राहण्याचा सराव स्वीकारतो. पाचव्या शीलात नशेचे पदार्थ टाळण्याचं कारणही दिलेलं आहे: त्यांच्यामुळे प्रमाद होतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, भान सुटणं. दारू अपवित्र आहे, विटाळ होतो, असा मुद्दा तिथे नाही.

हा नियम भिक्खूंसाठी कसा आला, याची विनयपिटकात एक गोष्ट आहे. सागत नावाचे एक थोर भिक्खू होते. त्यांनी आपल्या सामर्थ्याने एका भयंकर नागाला शांत केलं. कोसंबीच्या लोकांना ते कळलं आणि त्यांनी सन्मान म्हणून घरोघरी त्यांच्यासाठी मद्य तयार ठेवलं. भिक्षेला निघालेले सागत प्रत्येक घरी थोडं थोडं प्यायले आणि नगराच्या वेशीपाशी कोसळले. बाकीच्या भिक्खूंनी उचलून आणलं आणि बुद्धांकडे डोकं करून निजवलं, तर नशेत वळून त्यांनी बुद्धांकडेच पाय केले. नागाला नमवणारा हा माणूस आता साध्या पाणसापाला तरी आवरू शकेल का, अशा अर्थाचा प्रश्न बुद्धांनी इतरांना विचारला. मग नियम झाला. गोष्टीत सागत यांना संघाबाहेर काढल्याचा उल्लेख नाही. परंपरा तर सांगते, की पुढे ते अर्हत झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारूत बुडालेल्या वस्तीला शिक्षण, संघटन, स्वाभिमान यांपैकी काहीच टिकवता येणार नाही, ही जाण त्यामागे होती. या एका प्रतिज्ञेच्या जोरावर पिणं कायमचं सोडलेली माणसं महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांत सापडतात.

पण इथे एक अडचण होते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. प्रतिज्ञा घेतलेला माणूस प्यायला लागला, तर सगळ्यात आधी तो विहारात येणं बंद करतो. तोंड कसं दाखवायचं? लोक काय म्हणतील? ज्या ठिकाणी त्याला आधार मिळाला असता, तेच ठिकाण लाजेपायी सुटतं. मग ती लाज घालवायला पुन्हा बाटली. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या कुणालाही हे चक्र ओळखीचं आहे.

अशा वेळी संयुत्तनिकायातली सरकानीची गोष्ट आठवायला हरकत नाही. सरकानी हा शाक्य कुळातला माणूस, आणि तो प्यायचा. तो वारल्यावर बुद्धांनी सांगितलं, की तो स्रोतापन्न होता, म्हणजे मुक्तीच्या प्रवाहात पाऊल ठेवलेला. शाक्य मंडळी चिडली. पिणारा माणूस स्रोतापन्न, मग उरलं कोण, असं लोक बोलू लागले. बुद्ध आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. दीर्घकाळ त्रिशरणाला धरून राहिलेला माणूस अधोगतीला कसा जाईल, असं त्यांचं उत्तर होतं आणि अखेरच्या काळात सरकानीने शिक्षा पूर्ण केली, असंही त्यात येतं. या गोष्टीतून पिण्याला परवाना मिळत नाही. पण एकदा पाय घसरला म्हणजे माणूस धम्मातून बाद झाला, या समजुतीलाही तिच्यात थारा नाही.

वेदना आणि तृष्णा यांच्यामधली फट

बौद्ध विचारात व्यसनावर सगळ्यात थेट बोलणारा भाग म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे दुःख कसं घडत जातं ती बारा कड्यांची साखळी. त्यातल्या मधल्या चार कड्या इथे कामाच्या आहेत: स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान.

मराठी वाचकाची इथे एक गफलत होते. आपल्याकडे वेदना म्हणजे दुखणं. पालीत तसं नाही. तिथे वेदना म्हणजे शरीरामनाला जाणवलेलं काहीही, मग ते सुखद असो, दुःखद असो किंवा धड हेही नाही नि तेही नाही असं असो. संध्याकाळी साडेसहाला कामावरून सुटलेल्या माणसाला स्टँडसमोरच्या दुकानाची पाटी दिसते, हा स्पर्श. तोंडाला कोरड पडते, छातीत किंचित ओढ जाणवते, खांदे ताठरतात, ही वेदना. 'एक क्वार्टर मारलीच पाहिजे', ही तृष्णा. पाय दुकानाकडे वळले, खिशात हात गेला, हे उपादान. सगळं मिळून काही सेकंदांचा खेळ. पिणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, "कळलंच नाही, हातात ग्लास कधी आला ते." तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच मधल्या कड्या दिसलेल्या नसतात.

साखळीतल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात फारशा नसतात. पाटी दिसणारच, छातीत ओढ उठणारच. पण वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये एक बारीकशी फट असते. ध्यानाचा सगळा खटाटोप ती फट दिसावी आणि हळूहळू रुंद व्हावी यासाठी असतो. विपश्यनेत तासन्‌तास शरीरावरच्या संवेदना नुसत्या पाहायला सांगतात. खाज सुटली तर खाजवायचं नाही, पाय दुखला तर लगेच हलवायचा नाही, पाहायचं. बाहेरच्या माणसाला हा विचित्र हट्ट वाटतो. व्यसनी माणसासाठी मात्र ही रंगीत तालीम आहे: आतून जोराची मागणी येते, आपण ती लगेच पुरवत नाही, आणि तरी काही बिघडत नाही. मागणी आपोआप ओसरते, हे त्याच्या शरीराला पहिल्यांदाच कळतं.

मज्झिमनिकायात एक दाखला आहे. एका कुष्ठरोग्याच्या जखमा प्रचंड खाजतात. तो त्या निखाऱ्यांवर शेकतो आणि त्याला बरं वाटतं. बरं वाटणं खोटं नसतं, पण शेकण्याने जखमा आणखी चिघळतात आणि खाज वाढतच जाते. पुढे तो बरा झाला, तर त्याच निखाऱ्यांजवळ त्याला कुणी ओढून नेलं तरी तो जाईल का? विस्तव तेव्हाही तितकाच गरम होता. रोगामुळे तो सुखाचा वाटत होता. सकाळी हात थरथरतात म्हणून पिणाऱ्या आणि प्यायल्यावर 'आता नॉर्मल वाटतंय' म्हणणाऱ्या माणसाचं याहून नेमकं वर्णन आजच्या वैद्यकीय पुस्तकांतही सापडणं कठीण.

लाटेवर तरंगणं

ही जुनी कल्पना आधुनिक व्यसनोपचारात आणण्याचं मोठं श्रेय ॲलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला जातं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नावर काम केलं: सुटलेलं व्यसन पुन्हा का लागतं? ते स्वतः ध्यान करत. तलफेला त्यांनी लाटेची उपमा दिली. लाट उठते, वाढते, माथ्यावर येते आणि फुटते. तिच्याशी झुंजलं तर माणूस बुडतो, तिच्यावर तरंगलं तर ती माणसाला किनाऱ्याकडे सोडून निघून जाते. तलफेची एक लाट बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. व्यसनी माणसाला हे माहीतच नसतं, कारण ओसरेपर्यंत त्याने कधी वाट पाहिलेली नसते. त्याला वाटतं, प्यायलो नाही तर ही ओढ वाढतच जाईल आणि आपण वेडे होऊ.

प्रत्यक्षात करायचं ते असं. आधी जागा सोडायची. गुत्त्याच्या दारात उभं राहून तलफेचं निरीक्षण करणं ही साधना नाही, तो मूर्खपणा आहे. घरी, देवळाच्या ओट्यावर, विहारात, निदान दोन चौक पलीकडे जाऊन बसायचं. मग ती ओढ शरीरात कुठे आहे ते शोधायचं. घशात? पोटात? जबड्यात? हाताच्या बोटांत? तिथे काय होतंय: ताण, उष्णता, मुंग्या, पोकळपणा? मनात 'पाहिजे, पाहिजे' चालू असेल तर ते थांबवायचं नाही, फक्त नोंद घ्यायची, की हा विचार आला. श्वास येतोय, जातोय, याकडे मधूनमधून परत यायचं. जाणीव बदलतेय का, सरकतेय का, कमी-जास्त होतेय का, हे पाहायचं. ती बदलतेच. पुन्हा वर आली तर पुन्हा पाहायचं.

हे ऐकायला सोपं असलं तरी सुरुवातीला जमत नाही, म्हणून तलफ नसतानाच्या वेळी रोज दहा-पंधरा मिनिटं आनापानाचा, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव हवा. पोहायला पुरात शिकत नाहीत.

आणि नुसतं पाहून भागलं नाही तर? बौद्ध परंपरा तिथेच अडून बसत नाही. वितक्कसंठान सुत्तात नको असलेल्या विचारांसाठी पाच उपाय क्रमाने दिले आहेत. सुतार जाड खुंटी काढायला बारीक खुंटी ठोकतो, तसा एका विचाराच्या जागी दुसरा चांगला विचार आणायचा. ते जमलं नाही तर त्या विचाराचे परिणाम डोळ्यांसमोर आणायचे. तेही नाही तर दुर्लक्ष करायचं. मग तो विचार कुठून उठला ते शोधत त्याचा वेग कमी करायचा. आणि सगळं थकलं तर दात-ओठ खाऊन तो दाबायचा. दाबणं सर्वांत शेवटी आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्याकडे घरचे लोक सुरुवातच तिथून करतात: "मनावर ताबा ठेव."

अभ्यास काय सांगतात?

सिएटलजवळच्या एका सुधारगृहवजा तुरुंगात गोएंकांच्या पद्धतीची दहा दिवसांची विपश्यना शिबिरं झाली. मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कैद्यांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिर केलेल्यांमध्ये दारू, गांजा आणि क्रॅक कोकेन यांचं सेवन नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी आढळलं. पण यात एक मोठी मेख होती. शिबिराला कैदी स्वतःहून गेले होते. ज्यांना मुळातच बदलायचं होतं तेच तिथे पोहोचले असतील, तर श्रेय शिबिराचं की त्यांच्या इच्छेचं, हे कळत नाही.

म्हणून पुढे आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम तयार झाला. त्यात सजगतेचा सराव आणि व्यसन पुन्हा लागू नये यासाठीची नेहमीची समुपदेशन तंत्रं एकत्र आणली. तो प्राथमिक उपचार पूर्ण केलेल्या लोकांसाठी होता, हे महत्त्वाचं. २०१४ मध्ये २८६ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले होते. सहा महिन्यांनी सजगतेचा गट आणि समुपदेशनाचा गट दोन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले. पहिल्यांदा पुन्हा ड्रग घेईपर्यंतचा काळ समुपदेशनाच्या गटात जास्त होता. बारा महिन्यांनी मात्र सजगतेच्या गटात नशेचे दिवस आणि अति पिणं इतर दोन्ही गटांपेक्षा कमी होतं. म्हणजे हा उपाय लगेच जोर दाखवत नाही, पण सराव चालू राहिला तर टिकतो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

सगळीच चाचणी-फळं इतकी गोड नाहीत. २०२१ च्या कोक्रेन आढाव्यात अशा ४० चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यातून ठोस निष्कर्ष निघाला नाही; पुरावा बऱ्याच ठिकाणी कमकुवत निघाला. तेव्हा 'विपश्यनेने व्यसन सुटतं हे विज्ञानाने सिद्ध झालंय' असा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर दिसला, तर तो पुढे पाठवू नये. काही लोकांना काही प्रमाणात, विशेषतः इतर उपचारांच्या जोडीने उपयोग होतो, इतकं म्हणता येतं.

आधी डॉक्टर, मग आसन

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने अचानक दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, प्रचंड घाम, ताप, थरथर अशी अवस्था येऊ शकते. तिला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांची जुनी सवय अचानक तोडली तरी फिट येऊ शकतात. अशा माणसाला 'चल, दहा दिवस मौनात बस' म्हणून थेट शिबिरात नेऊन सोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे. शिबिराचं ठिकाण हे इस्पितळ नव्हे. अंगातली दारू उतरवण्याचा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य गोळ्या आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देऊनच पार पडायला हवा.

विपश्यना केंद्रांच्या अर्जात व्यसन, मानसिक आजार, चालू औषधं यांबद्दल प्रश्न असतात. प्रवेश मिळावा म्हणून घरचे लोक ते लपवतात. कधी माणसाला तर फॉर्म कोणी भरला हेसुद्धा माहीत नसतं. दिवसाला दहा तास बसून आत पाहताना जुने आघात, भीती, भास वर येऊ शकतात. ज्याला पूर्वी स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्य झालंय त्याच्यासाठी हा धोका मोठा. खरी माहिती दिली आणि केंद्राने 'आत्ता नको' म्हटलं, तर तो अपमान समजू नये.

औषधांचा आणखी एक गुंता आहे. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर किंवा हेरॉइन सोडणाऱ्यांना डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं महिनोन्‌महिने देतात. 'गोळीवर आहेस म्हणजे तू सुटलाच नाहीस, शील मोडतोयस' असं काही साधक मंडळी सुनावतात. त्याला ग्रंथांचा आधार नाही. पाचव्या शीलाचा रोख बेसावधपणाकडे आहे आणि डॉक्टरने ठरवलेल्या मात्रेत घेतलेलं हे औषध माणसाला भानावर ठेवण्यासाठी असतं. विनयपिटकात तर आजारी भिक्खूंसाठी औषधी तेलात थोडं मद्य घालायलाही परवानगी आहे. मद्याचा रंग, वास, चव जाणवू नये एवढीच अट. शिवाय यात जिवाचा प्रश्न आहे. काही आठवडे गर्द बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग औषध सोडलेल्या माणसाने एखाद्या दिवशी जुन्याच मात्रेत गर्द घेतली, तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. औषध बंद करायचं की नाही, हे धर्ममित्रांनी ठरवायचं नसतं.

एकच शपथ: थाम क्राबोकचा मठ

बँकॉकच्या उत्तरेला साराबुरी प्रांतात वात थाम क्राबोक नावाचा मठ आहे. एका स्त्री साधिकेच्या पुढाकाराने तो १९५७ मध्ये स्थापन झाला. थायलंडने अफूवर बंदी घातल्यावर तिथे व्यसनी लोकांवर उपचार सुरू झाले आणि आजवर एक लाखाहून जास्त लोक तिथे येऊन गेले. तिथले प्रमुख भिक्खू चामरून पानचांद यांना १९७५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिथली पद्धत अंगावर काटा आणणारी आहे. पहिले पाच दिवस रोज वनस्पतींचा कडू काढा पाजतात आणि त्यावर पाणी पिऊन सगळ्यांसमोर ओकायला लावतात. सोबतीला वाफेचं स्नान. हे घरी करून पाहण्यासारखं नाही. हृदयाचा, यकृताचा आजार असलेल्याला ते बाधू शकतं. पण मठवासी स्वतः काढ्याला फार महत्त्व देत नाहीत. त्यांचा भर 'सच्च' या शपथेवर असतो. आल्यावर माणूस गंभीरपणे नशा सोडण्याची शपथ घेतो आणि ती आयुष्यात एकदाच मिळते. मोडली तर पुन्हा इथे उपचार नाहीत.

वारकरी घरांत तुळशीची माळ घातल्यावर दारू सुटल्याची उदाहरणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या शपथेचं बळ समजावून सांगायला नको. मात्र तिचा तोटाही तितकाच उघड आहे. व्यसन हा उलटणारा आजार आहे आणि पहिल्याच प्रयत्नात कायमची सुटका होणारे थोडे. ज्याची शपथ मोडली, त्याने कुठे जायचं? याउलट अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे 'एए'च्या गटांत फक्त आजच्या दिवसापुरतं न पिण्याचं ठरवतात. उद्याचं उद्या. स्लिप झाली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं, खुर्ची तुमची असतेच. रोजच्या व्यवहारात ही दुसरी रीत अधिक माणुसकीची वाटते, आणि शिक्षापदाच्या मूळ कल्पनेलाही ती जवळची आहे.

देव न मानणाऱ्याचं काय?

'एए' १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःला सोपवण्याची भाषा आहे. बौद्ध किंवा नास्तिक माणूस तिथे अडखळतो. केव्हिन ग्रिफिन यांनी २००४ मधल्या 'वन ब्रेथ ॲट अ टाइम' या पुस्तकात बारा पायऱ्या आणि धम्म यांची सांगड घालून दाखवली. काहींनी गटच वेगळे काढले. २०१९ मध्ये अमेरिकेत 'रिकव्हरी धर्मा' नावाचं जाळं उभं राहिलं. ते आधीच्या एका संस्थेतून फुटून निघालं. तिच्या संस्थापकावर गैरवर्तनाचे आरोप झाले होते, त्यामुळे नव्या गटाने गुरूच ठेवला नाही. सगळे बरोबरीचे, सभा आळीपाळीने चालवायच्या, थोडं ध्यान, थोडं वाचन, मग बोलणं. सावरू पाहणारी माणसं आधीच हळवी झालेली असतात, त्यांना एका माणसाच्या पायाशी बसवणं किती जोखमीचं असतं, याचा तो धडा होता. आपल्याकडच्या बाबा-महाराजांच्या व्यसनमुक्ती दरबारांनाही तो लागू पडतो.

गट का लागतो, याचं बौद्ध उत्तर जुनं आहे. चांगली मैत्री म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य, असं आनंद म्हणाले, तेव्हा बुद्धांनी त्यांना दुरुस्त केलं: अर्धं नाही, सगळंच. याला कल्याणमित्रता म्हणतात. रात्री दहाला तलफ आल्यावर फोन उचलणारा माणूस, हा तिचा आजचा अर्थ.

महाराष्ट्रात यासाठी नवं काही बांधायची गरज नाही. विहारं आहेत, रविवारची वंदना आहे, वर्षावासाचे तीन महिने आहेत. थायलंडमध्ये वर्षावासात दारू सोडण्याची मोहीम दर वर्षी चालते आणि लाखो लोक तीन महिने तरी थांबतात. आषाढ पौर्णिमेला एखाद्या विहाराने अशी हाक दिली आणि वंदनेनंतर अर्धा तास व्यसनाशी झगडणाऱ्यांसाठी, बाहेर नाव न फोडता बोलण्यासाठी राखून ठेवला, तर त्याला पैसेही लागणार नाहीत.

घरच्यांसाठी दोन गोष्टी

मैत्री भावनेचा अर्थ उधारी फेडणं, कामावर खोटी सुट्टी कळवणं, मार खाऊन गप्प बसणं असा होत नाही. घरात मारहाण होत असेल, तर आधी बायकामुलांची सुरक्षितता. बौद्ध परंपरेत मैत्री आणि करुणेच्या बरोबरीने उपेक्षा सांगितली आहे. हाही मराठीत अर्थ बदललेला शब्द. पालीतली उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे, समतोल. त्याचं पिणं ही आपली चूक नाही आणि ते आपल्या रडण्याने थांबणारही नाही, हे शांतपणे कळणं म्हणजे उपेक्षा. ज्या बायका वर्षानुवर्षं नवऱ्याच्या बाटल्या शोधून मोरीत ओतत आल्यात, त्यांना स्वतःसाठीही दहा मिनिटं श्वासावर बसायला सांगणारं कुणी भेटत नाही.

पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण किंवा सरकारी रुग्णालयांतले मनोविकार विभाग, अशा ठिकाणी आधी वैद्यकीय उपचार घेता येतात. साधना त्यानंतर, डॉक्टरांना सांगून सुरू करावी. पहिल्या महिन्यात घरीच थोडा वेळ, दहा दिवसांचं शिबिर काही महिने स्थिर गेल्यावर. बसण्याची वेळ शक्यतो तीच ठेवावी, जी पूर्वी पिण्याची होती. कुठे जायचं हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ यांवर विनाशुल्क बोलता येतं. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही, घरचं कुणीही करू शकतं.